रीडमीत लिहिलंय तसंच केलं, तरी इन्स्टॉल होईना

प्रश्न: सर, मी सांगलीत डिप्लोमा करतोय. आजोबांच्या जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन करून त्यातला मजकूर काढायचा म्हणून एक ओपन सोर्स टूल घेतलं. रीडमीतली (टूलसोबतच्या माहितीच्या फाइलमधली) ‘सुडो पिप इन्स्टॉल’ची ओळ तशीच्या तशी टाकली, तर उबुंटू लिनक्स २४.०४ वर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा एरर येतोय. मित्र म्हणतो ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ लाव, होऊन जातंय. लावू का? की माझंच काही चुकतंय?

उत्तर: तुझं काहीही चुकलेलं नाही, रीडमी जुना झालाय. उबुंटूची स्वतःची बरीच कामं पायथॉनवर चालतात आणि ती पॅकेजं उबुंटूचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर एपीटी सांभाळतो, त्यात पायथॉनची पॅकेजं टाकणाऱ्या पिपनेही हात घातला की एकाने ठेवलेलं दुसरा मोडतो आणि मग सिस्टिमच अडते, म्हणून डेबियन १२ (उबुंटू ज्यावर उभं आहे ते लिनक्स) आणि उबुंटू २३.०४ पासून, म्हणजे २०२३ पासून, पिपला तिथे दार बंद केलंय. मित्राचा ऑप्शन ते दार फोडतो, लावू नकोस. आधी एपीटीने ‘पायथॉन३-व्हीएन्व्ह’ टाक, उबुंटूत ते वेगळं पॅकेज आहे आणि बरेच जण इथे परत अडकतात. मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टिमपासून वेगळी पायथॉनची जागा, बनवून त्यात पिप चालव, सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) नको. आणि टूल आतून टेसरॅक्ट (चित्रातला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर) वापरत असेल तर ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ पण घे, कारण नुसतं टेसरॅक्ट टाकलं तर मराठीचा डेटा येत नाही.

चाललं की लगेच, त्याच दिवशी, रीडमी दुरुस्त करून पाठव. टूलचा कोड जिथे ठेवलेला असतो त्या गिटहबवर फाइल उघडून पेन्सिल दाबली की ब्राउझरमधूनच होतं, सोबत तुझं उबुंटूचं व्हर्जन आणि आलेला एरर जसाच्या तसा लिही. हे मी एवढ्या कळकळीने सांगतोय कारण ही चूक टूल सांभाळणाऱ्याला, म्हणजे मेंटेनरला, दिसतच नाही रे, त्याच्या लॅपटॉपवर सगळं वर्षानुवर्षं आधीच टाकलेलं असतं. कोरं मशीन तुझ्याकडे आहे. आठवड्याने तूही विसरशील की आपण कुठे अडकलो होतो.

प्रश्न: आम्ही पुण्यात दोघं मिळून एक छोटं ओपन सोर्स टूल सांभाळतो. नोकरी करून डॉक्युमेंटेशनला वेळच उरत नाही. इन्स्टॉलेशनचं पान ताजं कसं ठेवायचं?

उत्तर: तुम्ही पानाला हातही लावला नाहीत तरी ते शिळं होतं, कारण बाजूचं सगळं बदलत राहतं. सर्व्हरवर कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसचंच बघा ना, त्यांची जुनी पॅकेज रिपॉझिटरी (पॅकेजं जिथून उतरवतात ती जागा) सप्टेंबर २०२३ मध्ये गोठवली आणि मार्च २०२४ मध्ये काढूनच टाकली, जुना पत्ता ज्यांनी आपल्या पानावर कॉपी करून ठेवला होता त्यांची पानं त्या दिवशी बसल्या जागी मोडली. म्हणून पहिलं काम, कमांड एकाच ठिकाणी ठेवा. रीडमी, विकी आणि साइट अशा तीन ठिकाणी असतील तर दोन ठिकाणी जुन्याच राहणार.

दुसरं, त्या कमांड माणसाने तपासायच्या भरवशावर ठेवू नका, सीआयमध्ये, म्हणजे आपोआप तपासणी करणाऱ्या व्यवस्थेत, दर आठवड्याला चालवा. पण गिटहबच्या तयार रनरवर (तपासणी चालवणाऱ्या त्यांच्या मशीनवर) थेट नको, तिथे आधीच ढीगभर गोष्टी टाकलेल्या असतात आणि सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसतं. उबुंटूच्या कोऱ्या डॉकर इमेजमध्ये, म्हणजे काहीही जास्तीचं न टाकलेल्या वेगळ्या उबुंटूत, चालवा. त्यात गिट नाही, कर्ल नाही, सुडोसुद्धा नाही, त्यामुळे पानावर काय काय लिहायचं राहिलंय ते पहिल्याच रनमध्ये बाहेर येतं. सुडो तेवढं वेगळं टाकून घ्या, बाकी जे जे नाही म्हणून अडेल ते आधी पानावर लिहा आणि मगच स्क्रिप्टमध्ये घाला. ‘उबुंटू २४.०४ वर तपासलं’ आणि तारीख, एवढी ओळ पानाच्या वर टाका, वाचणाऱ्याला फार आधार वाटतो तिचा.

आणि एक, पब्लिक रिपॉझिटरीत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या जागेत) ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब ठरलेल्या वेळचे रन आपोआप बंद करतं. म्हणजे तुम्ही दोघं कामात बुडालेले असता नेमकं तेव्हाच तपासणी थांबते. दर महिन्याचा एक रिमाइंडर फोनवर लावा, सीआय उघडून शेवटच्या रनची तारीख बघायची.