ला क्रॉसमध्ये गळ टाकण्यापूर्वी

आपण ऑगस्टमध्ये कुटुंबासह विस्कॉन्सिन राज्यातील ला क्रॉस येथे राहायला येत आहात. पंचगंगेवर लहानपणापासून गळ टाकत आल्यामुळे इथे परक्या देशाच्या माणसाला मासे धरता येतात का, सुरुवात कुठे करावी आणि सामान काय आणावे, असे आपण विचारले आहे. मासे जरूर धरता येतात आणि त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. मात्र १६ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला राज्याच्या निसर्गसंपदा खात्याचा परवाना घ्यावा लागतो. राज्यात घर करून ३० दिवस झाले की रहिवाशाचा स्वस्त परवाना मिळतो, आणि तोवर धीर धरवत नसेल तर बाहेरच्यांसाठी असलेला एक किंवा चार दिवसांचा परवाना घ्यावा. वार्षिक परवान्याचे वर्ष ३१ मार्चला संपते, हे लक्षात ठेवावे.

ब्लॅक आणि ला क्रॉस या दोन नद्या याच शहरापाशी मिसिसिपीला मिळतात. मालवाहू तराफ्यांना नऊ फूट खोल मार्ग मिळावा म्हणून १९३०च्या दशकात मिसिसिपीवर बंधारे बांधले गेले आणि त्यांच्यामागे उथळ, पाणवनस्पतींनी भरलेले फाटे व तळी पसरली. शहराच्या उत्तरेचे ओनालास्का तळे हे १९३७मध्ये सुरू झालेल्या सातव्या क्रमांकाच्या बंधाऱ्यामुळे तयार झाले. माझ्या मते आपण सुरुवात इथेच, काठावरून करावी आणि पहिल्या वर्षी होडी विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. इथला ब्लूगिल हा तळहाताएवढा मासा लहान गरीला गांडुळाचा तुकडा लावून, वर बूच बांधून सहज मिळतो; मुलांना गळ शिकवायला त्याच्यासारखा मासा नाही. सोळा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, पण किती मासे ठेवायचे याची मर्यादा त्यांनाही लागू असते.

इथले लोक ज्याच्यासाठी पहाटे उठतात तो मासा म्हणजे वॉलाय. अंधूक प्रकाशात त्याला चांगले दिसते, म्हणून तो उजाडताना आणि दिवस मावळताना भक्ष्य शोधतो, आणि थंडी सुरू झाली की बंधाऱ्यांखालच्या खोल पाण्यात गोळा होतो. तिथे पाण्याला भयंकर ओढ असते. नावेतून जाल तेव्हा निषिद्ध क्षेत्राच्या पाट्या कटाक्षाने पाळाव्यात. पंधरा इंचांपेक्षा लहान वॉलाय परत सोडावा लागतो, म्हणून मोजपट्टी नेहमी जवळ असावी. पलीकडचा काठ मिनेसोटाचा असला तरी दोन्ही काठांच्या रेल्वेमार्गांमधल्या पाण्यात कोणत्याही एका राज्याचा परवाना चालतो; रूळ ओलांडून पलीकडच्या ओढ्यावर गेलात की मात्र त्या राज्याचा परवाना हवा.

एका माशाबद्दल मला आग्रहाने लिहायचे आहे. गोड्या पाण्यातला ड्रम, ज्याला इथे शीप्सहेड म्हणतात, तो गळाला लागला की बरेच लोक नाराज होतात. आपल्या समुद्रातले घोळ आणि ढोमा ज्या कुळातले, त्याच कुळातला हा मासा आहे. त्याचे मांस घट्ट असते, आणि लगेच बर्फात ठेवून त्याच दिवशी शिजवला तर तो तिखट कालवणात उत्तम लागतो. शिंगाड्याच्या जातीचा चॅनल कॅटफिशही उन्हाळ्यात रात्री भरपूर मिळतो.

खाण्याच्या बाबतीत मात्र राज्याचा सल्ला वाचूनच घरात मासा आणावा. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, त्यामुळे गरोदर होऊ शकणाऱ्या स्त्रियांनी आणि १५ वर्षांखालील मुलांनी ब्लूगिलसारखे लहान मासे आठवड्यातून एकदा, तर वॉलाय, पाइक व बास महिन्यातून एकदाच खावेत, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. मिसिसिपीच्या माशांसाठी स्वतंत्र सूचना आहेत.

ट्राउट माशासाठी परवान्यावर वेगळा शिक्का लागतो. शहराच्या आग्नेयेला, कून व्हॅलीजवळच्या टिंबर कूली या झऱ्याच्या थंड ओढ्यात तपकिरी ट्राउट आहेत. १९३३मध्ये याच खोऱ्यात देशातला पहिला पाणलोट संधारण प्रकल्प सुरू झाला, म्हणून ते एकदा तरी पाहावेच.

हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे धरणे आपल्याला नवे असेल. स्वच्छ, नवा बर्फ निदान चार इंच जाड असल्याशिवाय त्यावर पाऊल ठेवू नये, आणि प्रवाहाजवळचा बर्फ जाड दिसला तरी भरवशाचा मानू नये. पहिल्या हिवाळ्यात एकट्याने जाऊ नका. अनुभवी शेजाऱ्याला विचारलेत तर तो आनंदाने सोबत नेईल.

तिकडून रॉड किंवा रीळ आणू नये, इथे साधा संच स्वस्तात मिळतो. पाण्यावरून परतताना बादलीतले आणि नावेतले सगळे पाणी ओतून द्यावे, वनस्पती झटकाव्यात आणि जिवंत मासा दुसरीकडे नेऊ नये. झेब्रा शिंपल्यासारखे परके जीव असेच पसरतात, म्हणून तसा कायदाच आहे.