पहिलं मशीन कोणतं घ्यावं?

प्रश्न : मुलीच्या पुस्तकांसाठी ६ फूट उंच, ३ फूट रुंद रॅक घरीच करायचं मनात आहे. हातात स्क्रू ड्रायव्हरपलीकडे काही धरलेलं नाही. मला ऑनलाइन १०८ नगांचा ड्रिल किट आवडलाय. शेजारचे काका म्हणतात, चार इंची कटर घे, सगळे सुतार तोच वापरतात. यजमानांचं म्हणणं, जिगसॉ घेऊ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याची विजेची करवत. बजेट १० हजार, जागा म्हणजे बाल्कनी. आधी काय घेऊ?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, मशीनचं नंतर बोलू, आधी रुंदीचं बघू. पुस्तकांचं वजन फुटाला दहाएक किलो धरा. ३ फुटांची फळी भरली की ३० किलो झाले, आणि १८ एमएमचं प्लाय एवढ्या अंतरावर हळूहळू पोट सोडतं. रॅक अडीच फूट रुंद करा. मग ८ बाय ४ च्या एकाच शीटमध्ये सगळं बसतं. शीटमधून लांबीच्या बाजूनं ११ इंची चार पट्ट्या काढायच्या. दोन पट्ट्यांतून ६ फुटांच्या दोन बाजू. राहिलेल्या दोन पट्ट्यांतून साडेअठ्ठावीस इंचांचे तीन-तीन तुकडे, म्हणजे वरची, खालची आणि मधल्या चार फळ्या. शेवटी साडेतीन इंचांची एक लांब चिंधी उरेल. ती टाकू नका. उभी चिरून दीड-दीड इंची पट्ट्या करा आणि प्रत्येक फळीखाली पुढच्या कडेला फेव्हिकॉलनं चिकटवा. एवढ्यानं फळी केवढी ताठ होते ते हात दाबून बघाल तेव्हा कळेल. पाठीला ६ एमएमचं प्लाय वेगळं घ्यावं लागेल. ते नसेल तर रॅक डुलतं.

आता हे काप बघा. सगळे सरळ. प्लायच्या बऱ्याच दुकानांत हल्ली पॅनेल सॉ, म्हणजे अख्खं शीट सरळ कापायचं मोठं मशीन असतं, कापामागे पैसे घेऊन ते कापून देतात. कागदावर मापं काढून न्या आणि दर कापाला पातं ३ मिलिमीटर खातं ते धरा, नाहीतर शेवटची पट्टी कमी पडली म्हणून दुकानदाराशी भांडाल. शिवाय अख्खं शीट सोसायटीच्या लिफ्टमध्ये जात नाही, कापलेल्या पट्ट्या जातात. म्हणजे कटर आणि जिगसॉ दोन्ही यादीतून बाद. जिगसॉ वाईट मशीन नाही, पण ते वळणांसाठी. लांब सरळ रेषेत त्याचं पातं खाली तिरकं पळतं आणि काप वरून सरळ, खालून वाकडा येतो.

काकांच्या कटरबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो. ते मशीन मुळात फरशी कापायचं. लाकडाचं पातं लावून आपले सुतार त्यावर सफाईदार काम करतात, मीही केलं. पण लाकडाच्या सर्क्युलर सॉला, म्हणजे गोल पात्याच्या करवतीला, खालून स्प्रिंगचं झाकण असतं, काप संपला की पातं आपोआप झाकलं जातं. फरशीच्या कटरला ते नसतं. मिनिटाला १२-१३ हजार फेरे मारणारं पातं उघडंच राहतं. मी २७ वर्षं पोरांना सुतारकाम शिकवलं, आणि १९९८ मध्ये त्यांच्याच देखत मूर्खपणा केला. दोन स्टुलांवर दोन टोकं टेकवून शीट मधोमध कापायला घेतलं. जसजसा काप पुढे गेला तसं शीट मध्ये खचलं, काप वरून मिटला आणि पात्याला चिमटा बसला. मशीन उसळून मागे आलं. माझा डावा हात शीट दाबून धरायला नेमका कापाच्या मागे होता. त्या अंगठ्याचं नख आजही दोन फाकांत वाढतं. शीट जमिनीवर जाड थर्माकोलवर पसरलं असतं तर दोन्ही तुकडे जागच्या जागी राहिले असते. हे पोरांना मी आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं!

तर पहिलं मशीन ड्रिल. १०८ नगांचा किट उघडून बघा : त्यात शंभर नग म्हणजे बिट, प्लॅस्टिकचे गट्टू आणि तुम्ही कधीच न वापरणारे पाने. त्या पैशांत १२ व्होल्टचं, लिथियम बॅटरीचं, क्लच असलेलं ड्रिल घ्या. क्लच म्हणजे पुढची आकडे लिहिलेली फिरती रिंग. स्क्रू बसला की कटकट आवाज करून ती सुटते. वायरवालं साधं ड्रिल थांबत नाही, स्क्रूचं डोकं प्लायमध्ये बुडवूनच दम घेतं. आकडा कमीपासून सुरू करून वाढवत न्या. दुकानात दोन गोष्टी विचारा : बॅटऱ्या दोन मिळतात का, आणि दुरुस्ती केंद्र कुठे आहे. रंग आणि वॉट नंतर.

प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारला की थर फाटतात. म्हणून आधी ३ एमएमचं भोक, मग ८ नंबरचा दोन इंची स्क्रू. दोन-तीन टाकाऊ तुकड्यांवर हात बसवून घ्या. ६ फुटी रॅक भिंतीला धरून ठेवणं आवश्यकच, लहान मूल फळीवर पाय देऊन चढतंच. पण काँक्रीटमध्ये दोन भोकं पाडायला हॅमर मशीन विकत घ्यायची गरज नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, चहा पाजा.

उरलेल्या पैशांतून क्लॅम्प, म्हणजे तुकडे आवळून धरणारे शिकंजे घ्या. निदान चार, दोन फुटी बार क्लॅम्प असले तर उत्तम. क्लॅम्प नसला की एक हात फळी धरतो, दुसरा ड्रिल, आणि काटकोन तपासायचा गुण्या धरायला मग यजमान. त्यातूनही पैसे वाचले तर हाताच्या पंजाएवढा सँडर, म्हणजे घासायचं मशीन. एका रॅकसाठी नसला तरी चालेल. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून आधी १२०, मग १८० नंबर मारा. फक्त बाल्कनीतल्या वाऱ्यावर विसंबू नका, एन-९५ मास्क लावा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक यादीत आहे. आणि ड्रिल चालवताना हातमोजे नकोत, ओढणी आणि मोकळे केस बांधून ठेवा. फिरणारं बिट कापड गुंडाळत नेतं.

प्रश्न : वडिलांचा सागवानी रंधा घरात पडून आहे. पावसाळ्यात दार फुगून घासतं. रंधा विकून इलेक्ट्रिक रंधा घेऊ का?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, एका दारासाठी? इलेक्ट्रिक रंधा एका फेरीत सहज मिलिमीटरभर खातो, नवख्या हातानं कडेला खड्डा पडतो. वडिलांच्या रंध्याचं पातं काढा, गंज घासा, तेलाच्या दगडावर धार लावा. कडेवरून शिसपेन्सिलीनं रेघोट्या मारा आणि जिथे दार घासतं तिथल्या तेवढ्याच पुसेपर्यंत चालवा. जुलैत मात्र फार काढू नका. दिवाळीनंतर लाकूड सुकून आक्रसलं की तीच फट तुम्हाला थंडीभर शिट्टी वाजवेल. कापलेली कड तेवढी लगेच पॉलिशनं बंद करा, दमट हवा तिथूनच आत शिरते.