हिरड्यांतून रक्त, रक्तात प्रतिपिंडे

प्रश्न : वय ४६. ब्रश करताना रक्त येतं. दाढांजवळ ६ मिमीचे पॉकेट (दात आणि हिरडीमधली खोल झालेली फट) आहेत, खोल साफसफाई करावी लागेल, असं डॉक्टर म्हणतात. गोवर एकदा येऊन गेला की शरीर त्याला पुन्हा फिरकू देत नाही; मग हिरड्यांच्या जंतूंवर प्रतिपिंडे का चालत नाहीत? त्यांची रक्त तपासणी करून घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : प्रतिपिंडे तयार होतात, आणि बहुधा भरपूर होतात. तुमच्या हिरड्यांच्या आजाराला पेरिओडाँटायटिस म्हणतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा या आजारातला सर्वांत बदनाम जिवाणू. जुना आजार असलेल्यांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची आयजीजी (रक्तातला प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार) प्रतिपिंडे निरोगी माणसांपेक्षा सहसा जास्तच सापडतात. ती रक्तातून झिरपून दात आणि हिरडीमधल्या फटीत उतरतात. शिवाय सुजलेल्या हिरडीत प्लाझ्मा पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात आणि तिथल्या तिथे प्रतिपिंडे बनवतात.

अडचण जागेची आहे. गोवराचा विषाणू शरीराच्या आत, रक्तातून फिरतो. हे जिवाणू मात्र दाताच्या मुळावर, म्हणजे खरं तर शरीराबाहेरच, चिकट थर करून राहतात. त्या थरात रक्तवाहिनी नाही. प्रतिपिंडे वरच्या जंतूंना चिकटतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. पण सुटा जंतू गिळणं वेगळं आणि दाताला घट्ट चिकटलेला अख्खा थर गिळणं वेगळं. त्यात हा जिवाणू जिंजिपेन नावाची विकरं (एन्झाइम) सोडतो आणि ती प्रतिपिंडांचेच तुकडे करतात. शिवाय काहींची प्रतिपिंडे संख्येने भरपूर असली तरी त्यांची जंतूवरची पकड सैल असते.

लढाई लांबली की नुकसान आपलंच. हिरडीत जमलेल्या बी आणि टी प्रकारच्या पांढऱ्या पेशी रँकल नावाचं प्रथिन सोडतात, त्यामुळे हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. दात हलायला लागतो तो यामुळे.

म्हणून रक्त तपासणीवर पैसे घालवू नका. जंतूशी गाठ पडली होती एवढंच ती सांगते; आज कुठल्या दाढेचं हाड झिजतंय ते नाही. साफसफाईनंतर काहींच्या प्रतिपिंडांची पातळी आधी थोडी वाढतेसुद्धा, आणि आकडा पाहून माणूस उगाच घाबरतो. मिमीच्या खुणा असलेली सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालून घेतलेलं माप आणि एक्स-रे, एवढं पुरे.

साफसफाई करून घ्याच. भूल देऊन हिरडीखालचा टार्टर, म्हणजे दगडासारखा कडक झालेला थर, खरवडतात. सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा माप घ्यायला सांगा. ६ चे ४ मिमी झाले आणि रक्त थांबलं तर उत्तम. दाढेच्या मुळांच्या बेचक्यात हत्यार नीट पोचत नाही, तिथला खड्डा उरला तर कधी शस्त्रक्रिया लागते. पुढे साधारण दर तीन महिन्यांनी सफाई, कारण थर पुन्हा बसतोच. घरी दातांच्या फटींत रोज इंटरडेंटल ब्रश फिरवा. फटीत तो किंचित घट्ट बसावा, पण जोर लावून घुसवू नये. नुसत्या गुळण्यांचं औषध ६ मिमी खाली उतरत नाही.

प्रश्न : आई मिश्री लावते. तिच्या हिरड्यांतून कधीच रक्त येत नाही. म्हणजे हिरड्या चांगल्या ना?

उत्तर : तसं समजू नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आजार आत वाढत असूनही रक्त कमी येतं. मिश्री हीसुद्धा तंबाखूच. दातांच्या डॉक्टरांकडून सळईने माप घेऊन घ्या, आणि मिश्री जिथे घासली जाते तिथे हिरडी खाली सरकली आहे का, पांढरा चट्टा आहे का, हे त्याच भेटीत दाखवा.

प्रश्न : हिरड्यांचा आणि संधिवाताचा खरंच संबंध आहे?

उत्तर : आमवाताशी (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, संधिवाताचा एक प्रकार) आहे. वर सांगितलेल्या जिवाणूकडे असं एक विकर आहे, जे प्रथिनांतल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचं सिट्रुलिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करतं. आमवातात अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. अँटी-सीसीपी चाचणी मोजते ती हीच. सुरुवात हिरडीतूनच होते, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. दात साफ करून घ्या, पण सांध्यांच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.