प्रॉमचा पोशाख आणि शिवणीतली माया

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारच्या मराठी शाळेत मी तुला जोडाक्षरे शिकवली, त्याला आता दहा वर्षे होत आली. म्हणून तुझे मराठीत लिहिलेले पत्र हाती पडले तेव्हा मी ते दोनदा वाचले. जूनच्या पहिल्या आठवड्यात तुझा सीनियर प्रॉम, म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाचा नाचाचा समारंभ आहे, पोशाखावरून आईशी रोज खटके उडत आहेत, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये इतकी वर्षे प्रॉमचे पोशाख अंगाबरोबर करून देणाऱ्या काकूने काय ते स्पष्ट सांगावे, असे तू लिहिले आहेस. जानेवारीतच विचारलेस हे फार चांगले केलेस, कारण या कामात पैसा कमी पडल्याचे मी कधीमधी पाहिले आहे, पण वेळ कमी पडल्याचे दर वर्षी पाहते.

आधी आईविषयी. प्रॉम हे 'प्रॉमेनाड' या शब्दाचे लघुरूप असून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्येकडील महाविद्यालयांत ही प्रथा रुजली आणि पुढे ती हायस्कुलांत आली, हे तिला सांगून फारसा उपयोग होणार नाही. तिला तिच्या दहावीच्या निरोप समारंभाची आठवण करून दे. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत त्या दिवशी मुली आयुष्यात पहिल्यांदा साडी नेसतात. साडी आईची किंवा मावशीची असते, ब्लाउज दोन्ही बाजूंनी कच्चे टाके घालून आवळलेला असतो, निऱ्या सुटू नयेत म्हणून जागोजागी पिना टोचलेल्या असतात, आणि तरीही फोटोत प्रत्येकीची मान ताठ असते. तुझ्या आईकडेही असा एक फोटो नक्की असेल. तो काढायला लाव आणि त्या दिवशी तिला कसे वाटले होते ते विचार. गळा किती खोल आणि पाठ किती उघडी, हा वाद त्यानंतर घातलास तर तो निदान एका बाकावर बसून घालता येईल.

त्या वादात मी शिवणारी म्हणून एवढेच सांगेन की पोशाख आवडला आणि फक्त गळा किंवा पाठ आड येत असेल, तर तेवढ्यासाठी तो नाकारू नका. गळ्याखाली त्याच रंगाची जाळी लावता येते, खांद्याला पट्टे जोडता येतात, पाठीवर लेस बसवता येते. मात्र आईला दुकानात एक पोशाख दाखवून घरी दुसराच मागवू नकोस. असा पोशाख घेऊन माझ्याकडे येणाऱ्या मुलींचे चेहरे मी पाहिले आहेत, आणि त्या आनंदात काहीतरी उणे राहते.

आता मापांकडे वळू. तुझ्या पत्रातले एक वाक्य मला खटकले. 'मार्चपर्यंत चार किलो वजन उतरवीन, म्हणून एक माप लहान घेते,' असे तू लिहिलेस. हे मुळीच करू नकोस. यामागचे कारण आधी कापडाचे आहे. आपल्याकडचे शिंपी ब्लाउज शिवताना शिवणीच्या आत जास्तीचे कापड ठेवतात, ज्याला आपण माया म्हणतो, कारण अंग बदलते आणि उद्या उसवून सैल करता यावे अशी त्यामागे दृष्टी असते. कारखान्यात शिवलेल्या तयार पोशाखात ही माया बहुधा बोटाच्या पेराएवढीही नसते. मोठा पोशाख मी लहान करू शकते, पण लहान पोशाख मोठा करायला कापड आणायचे कुठून? दुसरे कारण कापडाचे नाही. ट्रायलच्या दिवशी सकाळपासून काही न खाता आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. मी टाचण्या लावत असताना त्यांचे गुडघे थरथरतात, आणि अशा वेळी मी टाचण्या बाजूला ठेवून आधी पोहे करते. आज, या महिन्यात, तुझे जे अंग आहे त्याच अंगासाठी पोशाख घे. त्यात काही उणे नाही.

माप घेताना छाती, कंबर आणि नितंब असे तिन्ही आकडे फितीने मोजून घे आणि त्या कंपनीच्या स्वतःच्या तक्त्याशी ताडून पाहा. तुझ्या जीनवरचा आकडा येथे उपयोगी पडत नाही, कारण समारंभाच्या गाऊनचे आकडे बहुतेकदा वेगळे चालतात आणि जीन ज्या मापाची लागते त्याहून दोन-तीन मापे मोठा गाऊन लागणे ही नित्याची गोष्ट आहे. तिन्ही आकडे तीन वेगवेगळ्या मापांत बसत असतील, तर सर्वांत मोठ्या आकड्याचे माप मागवायचे. पाठीला चेनऐवजी दोरीने आवळण्याची सोय असेल, तर थोड्याफार फरकाला आपोआप वाव मिळतो.

वेळेचा हिशेब असा ठेव. दुकानातून मागवलेला पोशाख यायला दोन ते चार महिनेही लागू शकतात, म्हणून याच महिन्यात ठरवणे उत्तम. माझ्यासारखीकडे त्यानंतर किमान तीन-चार आठवडे हवेत, कारण मे महिन्यात माझ्या खोलीतल्या दांडीवर आणखी एक हँगर अडकवायलाही जागा नसते. प्रॉमचे कपडे विकणारी अनेक दुकाने कोणत्या शाळेच्या मुलीने कोणता पोशाख घेतला याची वही ठेवतात, म्हणजे एकाच प्रॉमला दोघी एकाच वेषात जात नाहीत. आपल्या शाळेचे नाव सांगायला विसरू नकोस.

कापडाविषयी माझी मते ठाम आहेत. सॅटिन फोटोत सुंदर दिसते, पण त्यावर पाण्याचा थेंबही डाग ठेवून जातो आणि बसून उठले की मांडीवर आडव्या चुण्या पडतात. शिफॉन चालताना हलते, उकाड्यात सुसह्य असते, आणि जूनमधल्या न्यू जर्सीला तेच मानवते. टिकल्यांचा पोशाख जड असतो आणि नाचताना बाहीखाली टिकल्या दंडाला घासतात. तो अंगाबरोबर करायचा तर शिवण जिथे पडणार तिथल्या टिकल्या मी सुईने एकेक काढते, प्रत्येक दोऱ्याला आत गाठ मारते, नाहीतर एक दोरा सुटला की ओळच्या ओळ गळून पडते, आणि शिवण घातल्यावर मोकळ्या जागी त्याच टिकल्या पुन्हा हाताने टाकते. दोन्ही बाजूंच्या शिवणीला एक पूर्ण दिवस जातो. म्हणून टिकल्यांचा पोशाख स्वस्तात मिळाला तरी दुरुस्तीचे पैसे धरूनच त्याची किंमत ठरव.

तू आजीच्या पैठणीचा गाऊन शिवायचे मनात आणले आहेस. ते वाचून मी हातातले काम थांबवले. पैठणीच्या पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कारण ती वरून भरलेली नसते, विणताना एकेका रंगाचा धागा हाताने गुंतवून उभी केलेली असते. येवल्याच्या विणकराने महिनोन्‌महिने बसून केलेल्या त्या कामाला कात्री लावायची, तर तसे कारण हवे. ती साडी खिडकीपाशी उजेडात धर आणि घड्यांच्या रेषा पाहा. रेशीम तिथे विरून उजेड आरपार येत असेल, तर ती नेसण्याजोगी उरलेली नाही. तेव्हा मजबूत राहिलेले काठ आणि पदर आपण नव्या रेशमावर लावू, आणि आजीलाही ते आवडेल असे मला वाटते. साडी धड असेल, तर मात्र ती कापायला माझ्याकडे आणू नकोस. ती साडी म्हणूनच नेस. कमरेला घट्ट परकर, निऱ्या आतून टाके घालून पक्क्या केलेल्या आणि पदर खांद्यावर शिवून घेतलेला असेल, तर त्यात रात्रभर नाचता येते. प्रॉमला गाऊनच हवा असा शाळांचा नियम सहसा नसतो. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून घेतलेला घागरा घालून गेलेल्या मुलीही माझ्या माहितीत आहेत.

पैशाचे बोलणे आईबाबांशी एकदाच, सुरुवातीलाच कर. प्रॉमचे तिकीट, बूट, केस, फुले, गाडी आणि दुरुस्ती हे सगळे मिळून एक आकडा ठरवा आणि मगच दुकानाची पायरी चढा. आपल्या राज्यात कपड्यांवर विक्रीकर नाही, एवढी सवलत आहेच. वापरलेला पोशाख घेण्यात कमीपणा मानू नकोस. हे पोशाख बहुधा एकदाच अंगावर चढलेले असतात, आणि अनेक गावांत वसंतात असे पोशाख गोळा करून मुलींना विनामूल्य देण्याचे उपक्रमही चालतात. माझ्या मुलीचा पोशाख असाच आला होता, आणि आम्ही दोघींनी तो एका रविवारी जेवणाच्या टेबलावर पसरून उसवला होता.

जोडीदार नाही म्हणून जावे की नाही, हा प्रश्न तू अगदी शेवटी, बारीक अक्षरात लिहिलास. अवश्य जा. मैत्रिणींबरोबर जा. प्रॉमला कोणी कोणाबरोबर यावे यावरून या देशात पुष्कळ दुःख झाले आहे. जॉर्जिया राज्यातल्या विल्कॉक्स काउंटीत गोऱ्या आणि काळ्या मुलांचे प्रॉम वेगवेगळे भरत, आणि २०१३ साली विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेऊन सर्वांचा एकत्र प्रॉम भरवला. ज्यांच्याबरोबर चार वर्षे शिकलीस, त्यांच्याबरोबर एका दालनात मोकळेपणी नाचायला तुला कोणाच्या निमंत्रणाची गरज नाही. परतीची सोय मात्र आधी ठरव, कारण तुझ्या वर्गातल्या बहुतेकांकडे प्रोबेशनरी, म्हणजे नवशिक्या चालकांचे लायसन्स असेल आणि त्यावर रात्री अकरानंतर गाडी चालवता येत नाही.

एक चूक सांगायची राहिली. माझ्याकडे आलेल्या पहिल्याच प्रॉमच्या पोशाखाची ती गोष्ट. फिकट हिरवे शिफॉन होते. मुलगी गालिच्यावर अनवाणी उभी होती आणि बूट अजून घ्यायचे आहेत म्हणाली. मी तिच्या पावलांभोवती गुडघ्यांवर सरकत टाचण्या लावल्या, जमिनीपासून बोटभर वर उंची ठेवली, जास्तीचे कापड कापले आणि हातशिलाईने बारीक दुमड घातली. काम सुरेख झाले होते. प्रॉमच्या आदल्या दिवशी ती तीन इंच टाचांचे बूट घालून आली, तेव्हा तिचे घोटे उघडे पडले. कापलेले कापड परत जोडता येत नाही. ती मुलगी काही बोलली नाही, फक्त आरशात पाहत राहिली. मी रात्री जागून खाली त्याच रंगाच्या जाळीची पट्टी लावली आणि ती ते घालून गेली, पण तो आरसा मला अजून दिसतो.

तेव्हापासून बूट पायात असल्याशिवाय मी कोणाच्याही पोशाखाची उंची घेत नाही. तुलाही तेच सांगते. बूट आधी घे आणि घरात रोज अर्धा तास घालून चाल. जे अंतर्वस्त्र त्या रात्री घालणार तेच घालून ट्रायलला ये, कारण त्याने छातीचे माप बदलते. पोशाख चढवल्यावर माझ्यासमोर खुर्चीत बस, दोन्ही हात वर कर, खाली वाकून बुटाचा पट्टा लाव आणि चार पावले नाचून दाखव. यातले काहीही करताना श्वास अडला किंवा हात गळ्याकडे गेला, तर तिथे मी सैल करीन.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाची वेळ तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. आईलाही घेऊन ये, आणि तिचा तो दहावीचा फोटो सापडला तर तोही आण. जेवूनच जा.

तुझी,
काकू