वडिलांना सीएमएल (रक्ताचा एक कॅन्सर) आहे, सोकल स्कोअर 'हाय रिस्क' आलाय. त्यांच्या हातात किती वर्षं आहेत?

तुम्ही लिहिलंय की वडील 64 वर्षांचे आहेत, पाणथरी बरीच वाढली होती, इमॅटिनिब ही त्यावरची गोळी सुरू होऊन महिना झालाय आणि फाइलवरचा हा शेरा वाचल्यापासून घरात कुणाला घास गोड लागत नाही. मी डॉक्टर नाही. 2014 पासून याच आजाराचा पेशंट आहे आणि माझ्याही फाइलवर हेच दोन शब्द होते.

सोकल स्कोअर म्हणजे आजाराचा धोका किती याचा सुरुवातीलाच बांधलेला अंदाज, तो 1984 सालचा. वय, बरगडीखाली पाणथरी किती सेंटिमीटर हाताला लागते, प्लेटलेट किती आणि रक्तात ब्लास्ट म्हणजे अपक्व पेशी किती टक्के, एवढ्यावरून तो काढतात. ज्या रुग्णांवरून तो बेतला त्यांना इमॅटिनिब मिळालेलंच नव्हतं. ते बाजारात आलं 2001 मध्ये. तेव्हा डॉक्टरांना ईएलटीएस स्कोअरही काढायला सांगा. त्यातही हेच चार घटक आहेत, पण तो इमॅटिनिब घेणाऱ्यांवरून 2016 मध्ये मांडला आणि खुद्द सीएमएलमुळे दगावण्याचा धोका सांगतो. त्यात वयाचं वजन कमी असल्यामुळे सोकलमध्ये 'हाय' असलेले बरेच वयस्कर लोक खालच्या गटात येतात.

सोकल निकामी आहे असं मात्र नाही. इमॅटिनिब रुग्णांना देऊन पाहिलेल्या 'आयरिस' या चाचणीत दहा वर्षांनी सुमारे 83 टक्के रुग्ण हयात होते. सोकल 'लो' गटात 90च्या आसपास, 'हाय' गटात 69च्या. फरक खरा आहे, आणि म्हणूनच डॉक्टर अशा पेशंटवर जास्त बारीक लक्ष ठेवतात. पण यात इतर कारणांनी गेलेलेही धरलेत. आणि हिशोब दहा वर्षांचा चाललाय, हे घरच्यांना आधी सांगा.

खरा अंदाज येतो तो औषध लागू पडतंय का यावरून. तीन महिन्यांनी रक्ताची बीसीआर-एबीएल पीसीआर करतात, म्हणजे या आजाराचं सदोष जनुक रक्तात किती उरलंय ते मोजतात. आकडा 10 टक्क्यांच्या आत हवा, सहा महिन्यांनी 1च्या आत, वर्षाने 0.1 किंवा त्याखाली. माझा तीन महिन्यांचा आकडा 14 होता. त्या रात्री मी झोपलो नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली नाही, चाचणी पुन्हा करायला लावली. सहाव्या महिन्यात 2 झाला आणि 0.1च्या खाली यायला दीड वर्ष लागलं. उतरला नसता तर म्युटेशनची तपासणी करून पुढच्या पिढीचं औषध दिलं असतं. ती सोय आज आहे.

आणि गोळी चुकवू देऊ नका, हे अगदी हात जोडून सांगतो. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात बाटलीच्या झाकणात चिप बसवून रुग्ण गोळ्या खरंच घेतात का ते पाहिलं. 90 टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे 94 टक्के सहा वर्षांत 0.1च्या टप्प्यावर पोचले. त्याहून कमी घेणाऱ्यांत फक्त 28. नव्वद टक्के म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकणं! एका गणपतीत गावी मळमळीला कंटाळून मी आठवडाभर गोळी घेतली नव्हती, पुढच्या रिपोर्टमध्ये आकडा चढलेला दिसला. तेव्हापासून भरल्या पोटी, मोठा पेला पाण्याबरोबर घेतो. मळमळ पुष्कळ कमी झाली.

पीसीआर दर वेळी एकाच लॅबमधून करा आणि रिपोर्टवर 'आयएस' (आंतरराष्ट्रीय मोजपट्टी) लिहिलंय का बघा, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. वडिलांची तपासणी आणखी दोन महिन्यांनी येईल, तारीख आजच घेऊन ठेवा.