‘हुजूर पक्ष’ म्हणजे नेमके कोणते हुजूर?

प्रश्न असा आला आहे : ब्रिटनच्या राजकारणावरच्या मराठी लेखांत ‘हुजूर पक्ष’ आणि ‘मजूर पक्ष’ ही नावे भेटतात. मजूर पक्ष म्हणजे लेबर, हे समजते. पण कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ‘हुजूर’ का म्हणायचे, आणि आज लिहिताना हे शब्द वापरावेत का?

हुजूर पक्ष म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षच, ज्याला टोरी असेही म्हणतात. मात्र हे भाषांतर नव्हे. कॉन्झर्व्हेटिव्ह या शब्दात ‘आहे ते जतन करणारा’ असा अर्थ आहे. हुजूरमध्ये त्याचा मागमूसही नाही. हिंदीने लिबरलांना ‘उदार दल’ आणि यांना ‘अनुदार दल’ म्हटले, म्हणजे विचारांवरून नाव दिले. मराठीने पक्षातली माणसे पाहिली आणि त्यांच्यावरून नाव ठेवले. मला हे नामकरण फार आवडते.

हुजूर हा शब्द मूळचा अरबी. अर्थ उपस्थिती, सान्निध्य. मोठ्या माणसाच्या समक्ष असणे म्हणजे हुजूर, आणि पुढे तो मोठा माणूसच हुजूर झाला. आपल्याकडे हा शब्द पेशवाईत चांगला मुरला. हुजूर दफ्तर, धन्याची खास फौज ती हुजुरात, पुण्यातली हुजूरपागा (आधी घोडे, मग मुलींची शाळा), आणि सेवेला उभा असलेला हुजऱ्या. त्यामुळे हुजूर म्हटले की मराठी माणसाला नुसता श्रीमंत दिसत नाही. तक्क्याला टेकलेला धनी दिसतो आणि त्याच्यापुढे अदबीने उभी असलेली माणसेही दिसतात. लंडनच्या राजकारणाला शनिवारवाड्याचे शब्द देण्याची ही एकच वेळ नव्हे; ‘पंतप्रधान’ही तिथूनच आला.

मजूर फारसी. ‘मुज्द’ म्हणजे मोबदला, तो घेऊन काम करणारा मजदूर. हिंदीने त्यातला ‘द’ राखला, मराठीने गाळला. तो गळाला म्हणून तर हुजूर-मजूर हे यमक साधले!

आता हे नाव किती चपखल होते, ते ऑक्टोबर १९६३मधल्या एका प्रसंगात दिसते. पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन शस्त्रक्रियेनंतर लंडनच्या रुग्णालयात होते. त्यांनी राजीनामा दिला आणि राणी एलिझाबेथ स्वतः त्यांना भेटायला रुग्णालयात गेल्या. पुढचा पंतप्रधान कोण असावा, याचे टिपण मॅकमिलननी बिछान्यातूनच त्यांना वाचून दाखवले. नाव होते लॉर्ड होम यांचे, म्हणजे घराण्यातले चौदावे अर्ल (अर्ल हा उमरावाचा एक किताब). पक्षात मतदान झाले नव्हते. वरिष्ठांनी आपसात चाचपणी करून नेता ठरवण्याचीच तेव्हा रीत होती. लोकांनी निवडलेल्या सभागृहात बसता यावे म्हणून होम यांनी उमरावकी सोडली आणि पोटनिवडणूक लढवली. मधले दोनेक आठवडे ब्रिटनचा पंतप्रधान दोन्हींपैकी एकाही सभागृहात नव्हता. राणीच्या समक्ष, बंद खोलीत झालेली ही निवड ‘हुजूर’च्या मूळ अर्थालाही धरून आहे.

पण ही रीत लगेच मोडली. १९६५ साली या पक्षाच्या खासदारांनी पहिल्यांदा मतदानाने नेता निवडला. ते एडवर्ड हीथ, सुताराचा मुलगा. त्यांच्यानंतर आल्या मार्गारेट थॅचर, ग्रँथम गावच्या किराणा दुकानदाराची मुलगी. त्यांना ‘हुजूर’ म्हणताना जीभ अडखळते. उलट बाजूही पाहा. १९४५ साली चर्चिलना हरवून मजूर पक्षाचे सरकार आणणारे क्लेमंट ॲटली हे सॉलिसिटरचे पुत्र, ऑक्सफर्डला शिकलेले. आणि १९५५ साली ते स्वतः अर्ल झाले. खरे अंगमेहनतीतून वर आलेले त्यांचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन. वेल्सच्या कोळसा खाणीत काम केलेल्या या माणसाने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली.

‘मजूर’ शब्दातही एक अडचण आहे. हा पक्ष १९०० साली उभा राहिला तो मुख्यतः कामगार संघटनांच्या बळावर, आणि १९१८च्या त्याच्या घटनेत हाताने काम करणारे आणि बुद्धीने काम करणारे अशा दोघांचाही उल्लेख होता. आज आपल्याला मजूर म्हटले की रोजंदारीवरचा, नाक्यावर उभा असलेला माणूस आठवतो. गिरणीतला माणूस मात्र ‘कामगार’. पूर्वी हा भेद इतका घट्ट नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली काढलेला पक्ष मराठीत ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ म्हणूनच ओळखला गेला. त्याचे इंग्रजी नाव ‘इंडिपेंडंट लेबर पार्टी’, आणि ब्रिटनमधले कामगार पुढारी केअर हार्डी यांच्या पुढाकाराने १८९३ साली तिथल्या ब्रॅडफर्डला निघालेल्या पक्षाचे नावही तेच. नंतर १९४७ साली आपल्याकडे जो पक्ष निघाला, तो मात्र शेतकरी ‘कामगार’ पक्ष.

तेव्हा माझे मत असे. पक्षाचे नाव म्हणून दोन्ही शब्द खुशाल वापरा. रुळलेले आहेत आणि वाचकाला लगेच कळतात. विचारसरणीबद्दल लिहायचे असेल तर मात्र ‘हुजूर विचार’ म्हणू नका. ‘पुराणमतवादी पक्ष’ हाही पर्याय मला पटत नाही. एकविसाव्या वर्षी मताचा हक्क स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मिळाला तो १९२८ साली, बाल्डविन यांच्या हुजूर सरकारच्या काळात. अशा ठिकाणी ‘परंपरानिष्ठ’ चालेल, नाहीतर सरळ ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ लिहावे.

आणि लिहिताना ‘हुजुर पक्ष’ नको, मूळ शब्दात ‘जू’ दीर्घच. सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो : मजूर पक्ष, पण मजुरांचा पक्ष, हुजूर पक्ष, पण हुजुरांपुढे.