४०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची आहे. योगासनं राइडच्या आधी करावीत की नंतर? रोज किती वेळ? आमच्या ग्रुपमधले सीनियर म्हणतात, योगाने पाय ढिले पडतात.

वेळेचं नंतर सांगते. आधी ते ढिल्या पायांचं, कारण हेच वाक्य मी पुण्यात आमच्या ग्रुपमधल्या एका दादांकडून ऐकलंय.

माझी पहिली ३०० ची ब्रेव्हे शिरवळला संपली. पुण्याहून हायवेने कराडच्या अलीकडे जाऊन परत, मुदत २० तास. जाताना खंबाटकी मस्त चढले. परतीला साताऱ्यानंतर डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर झाली, मग उजव्या हाताची. शिरवळच्या टपरीवर लिमलेटच्या गोळीचा कागद सोडवता येईना. मान वर ठरेना, हनुवटीला हात लावून रस्ता बघत होते. पाय मात्र शाबूत! अजून ५० किलोमीटर सहज गेले असते, वेळही हातात होता. सायकल टेम्पोत टाकून घरी आले. दादा म्हणाले, "ताई, तुम्ही २०० वरच थांबा. आणि ती आसनं बंद करा."

आसनं मी करत होतेच. रोज रात्री पश्चिमोत्तानासन, कपाळ गुडघ्याला टेकेपर्यंत ओढून. चूक सासूबाईंनी काढली. त्या ३० वर्षं योगवर्गाला जातायत. म्हणाल्या, "अगं, दिवसभर सायकलवर वाकतेस आणि घरी येऊन पुन्हा वाकतेसच?"

सगळं त्यात आलं. सायकलवर जांघ कधी पूर्ण उघडत नाही, पाठीला पोक येतो, छाती मिटते, मान तेवढी मागे ताणलेली. तळहातावर भार पडून करंगळीकडची नस दबते. म्हणजे घरी याच्या उलटं करायला हवं. त्यांनी जुन्या सुती साडीची पट्टी फाडून दिली. ती तळपायाला अडकवून सुप्त पादांगुष्ठासन, मग सेतुबंध, भुजंगासन, वीरभद्रासन, लोडावर रेलून सुप्त वीरासन. शेवटी भिंतीला पाय लावून विपरीत करणी. रोज २५ मिनिटं, आठ महिने. पुढच्या सीझनला २००, ३००, ४००, ६०० चारही वेळेत झाल्या. ६०० ला ४० तास असतात, मला ३८ लागले. ढिल्या पायांनी होतं का हे?

आता तुमचं. राइडच्या आधी थंड अंगाने लांब ताण देऊ नका, चार सूर्यनमस्कार पुरेत. आसनं नंतर किंवा संध्याकाळी. ४०० ला २७ तास मिळतात, त्यातली दोन मिनिटं प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या थांब्यावर, काढा आणि भिंतीला हात टेकून पाठ लांब करा. ब्रेव्हेच्या आठवड्यात नवीन आसन नको.

गुडघा दुखत असेल तर सुप्त वीरासन करू नका. बोटांचा बधिरपणा दोन-तीन दिवसांत गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि हो, त्याच काळात मी हॅंडलखाली एक स्पेसर (छोटी चकती) वाढवून ते थोडं वर घेतलं होतं, बोटांना त्याचाही फायदा झालाच असणार. दादा अजून सगळं श्रेय त्या स्पेसरलाच देतात. पण स्पेसरने जांघ मोकळी होत नाही, दादा.